चांगल्या साहेबांकडे राजीनामा घेऊन जाताना

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका मुलीचा प्रश्न आलाय. वय २९. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कास्टिंग-मशिनिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, सहा वर्षं पाच महिने झाले. आता पुण्याजवळच्या चाकणहून चांगली ऑफर आली आहे. अडचण पगाराची नाही, साहेबांची आहे. साहेब गोकाककडचे, घरी कन्नड बोलणारे, हिला 'तंगी' म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. वडिलांचं बायपास झालं तेव्हा साहेबांनी २२ दिवस रजा दिली, एक रुपया कापू दिला नाही. नंतर कंपनीच्या खर्चानं कोर्सला पाठवलं. ती लिहिते, "आता कुठल्या तोंडानं सांगू? दोन आठवडे झाले, रोज ठरवून केबिनमध्ये जाते आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही घेऊन परत येते." घरचे म्हणतात, मेल टाक आणि मोकळी हो. मैत्रीण म्हणते, लग्न पुण्याकडं ठरतंय असं सांगून टाक.

मी उद्यमबाग आणि मच्छे या पट्ट्यात २७ वर्षं काढली, आधी पर्सोनेल आणि नंतर एचआर सांभाळलं. राजीनामे मी घेतलेत, परत घ्यायला लावलेत आणि स्वतःही दिलेत. सही घेऊन परत येणारी माणसंही बरीच पाहिली. एक सुपरवायझर तर महिनाभर राजीनामा खिशात घेऊन फिरला. शेवटी मला दिला तेव्हा कागदाची घडी फाटलेली होती आणि तारीख मागच्या महिन्याची.

आधी एक गोष्ट. तुम्ही जाणार याचं साहेबांना वाईट वाटेल, आणि ते तुम्हाला टाळता येणार नाही. ते दुसऱ्याकडून कळलं तर मात्र मनाला लागेल, आणि ते टाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. त्यात बेळगाव. चाकणच्या निम्म्या कारखान्यांत आपल्याकडची पोरं आहेत. तिथल्या एचआरनं चौकशीचा एक फोन इकडं लावला, की संध्याकाळी उद्यमबागच्या चहाच्या गाड्यावर तुमचा नवा पगारसुद्धा आकड्यासकट ठाऊक असतो, आणि तोही थोडा वाढवून. दोन आठवडे तुम्ही गप्प आहात म्हणताय, बातमी गप्प बसलेली नसणार. ऑफर लेटर हातात असेल (तोंडी नव्हे, सहीचं, तारखेचं), तर याच आठवड्यात सांगा. मैत्रिणींना, लाइनवरच्या मुलींना, कोणालाही त्याआधी नको.

मैत्रिणीचा लग्नाचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. हा माझा अनुभव आहे. २००३ साली मी मच्छेतल्या एका कारखान्यातून बाहेर पडलो. तिथले मॅनेजर देवमाणूस. तोंडावर खरं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून सांगितलं, "गावाकडं शेती बघायला कोणी नाही, खानापूरला जाऊन राहतो." त्यांनी विचारलं, विहिरीला मोटार आहे का, स्टार्टर जळत असेल तर आपला फिटर पाठवतो. मी मान खाली घालून "नको साहेब" म्हटलं. महिन्याभरानं मी होनग्याच्या एका कारखान्यात रुजू झालो. श्रावणात बेळगावात शनिवार खुटावर ते समोरून आले. थांबले, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "काय, भात लावून झालं?" खरंच विचारत होते की टोमणा होता, मला आजवर कळलेलं नाही. खोटं सांगायचं तर ते वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं, आणि या गावात तेवढी जागा नाही.

मेल टाकून मोकळं होणं हेही तसंच. मेल जाईल, पण बोलणं झाल्यावर.

आता प्रत्यक्ष बोलायचं कसं, कारण गाडी तिथंच अडलीय. सोमवारची प्रॉडक्शन मीटिंग, महिनाअखेरचं डिस्पॅच, कस्टमर ऑडिटचा आदला दिवस, हे सोडा. पहिली शिफ्ट सुटून दुसरी लागली की साडेतीन-चारच्या सुमारास बहुतेक साहेब लोक जरा टेकतात. दारातून रिपोर्ट पुढे करू नका, कारण रिपोर्ट दिसला की त्यांचा हात पेनाकडं जाणार आणि तुमचा आणखी एक दिवस तसाच जाणार. रिकाम्या हातानं जा आणि म्हणा, "साहेब, दहा मिनिटं बसून बोलायचं आहे. रिपोर्टचं नाही." दार लावून घ्या, बसा.

पहिलं वाक्य निर्णयाचं असू दे. "साहेब, मला चाकणला नोकरी मिळाली आहे आणि मी जायचं ठरवलं आहे. तुम्हाला सगळ्यात आधी सांगतेय." आणि थांबा. मला माहीत आहे, जीभ उपकारांपासून सुरुवात करायला बघते. "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, वडिलांच्या वेळी..." असं पाच मिनिटं चाललं, की समोरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्यांना वाटणार, घरी काहीतरी झालंय. "एनात तंगी?" (काय झालं गं?) म्हणत ते खुर्चीतून उठतील आणि मग तुम्हाला राजीनाम्याचं बोलणं जास्तच जड जाईल.

आणखी एक. आपल्या भाषेत 'जातो' म्हणायची रीत नाही. घरातून निघताना 'येतो' म्हणायचं, पाहुण्यांकडून उठताना 'येऊ का?' म्हणून विचारायचं. ती सवय जिभेवर इतकी बसलेली असते की माणसं राजीनामाही तसाच देतात. "साहेब, जाऊ का? तुम्हाला काय वाटतं?" हे ऐकायला नम्र वाटतं. मला मात्र तो साहेबांवर टाकलेला भार वाटतो. ते 'जा' म्हणाले तर स्वतःच्या डिपार्टमेंटचं नुकसान स्वतःच्या तोंडानं मंजूर करतील, 'जाऊ नको' म्हणाले तर तुमच्या भविष्याच्या आड येतील. भल्या माणसाला या कोंडीत पकडू नये. कसं जायचं हे विचारा, जायचं की नाही ते विचारू नका.

मग ते काय म्हणतील? तुमच्या वर्णनावरून मला तीन शक्यता दिसतात.

पहिली, गप्प बसतील. बसू द्या. ती शांतता भरून काढण्यासाठी कारखान्यातल्या उणिवा मोजायला सुरुवात करू नका. मी असं एकाला करताना पाहिलंय. साहेब नुसते बघत होते आणि हा गडी कँटीनच्या भातापर्यंत पोचला.

दुसरी, "मालकांशी बोलतो, ते किती देतात सांग." ही खरी परीक्षा, कारण वाईट साहेबाचा पगारवाढीचा गाजर नाकारणं सोपं असतं, चांगल्या साहेबाचा नाकारताना त्यांना दुखावल्यासारखं वाटतं. म्हणून हे आदल्या रात्री घरी ठरवून या. पगार हे एकमेव कारण असेल तर खरं तर सहा महिन्यांपूर्वी तोच विषय काढायला हवा होता, आणि अजूनही काढता येतो, पण राजीनाम्याचा धाक दाखवून नव्हे. तुमच्या प्रश्नात मोठ्या प्लँटचं काम, नव्या मशीन, पुढचं पद हे सगळं आहे. ते मालक देऊ शकत नाहीत. मग उत्तर एवढंच: "साहेब, पगारासाठी असतं तर तुमच्याकडेच मागितला असता. मला मोठ्या प्लँटचं काम शिकायचं आहे." आकडा सांगू नका, सांगितला की घासाघीस सुरू होते. मी स्वतः पगार वाढवून थांबवलेली माणसं आठवून बघतो, तर बरीचशी वर्षभरात तोच कागद घेऊन परत आली होती. दुसऱ्या खेपेला मात्र त्यांना कोणी थांबवलं नाही.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. ते म्हणतील, "जा, खरं ऑडिट होईपर्यंत थांब की." (इकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात हे बाहेरच्यांसाठी.) इथं लगेच 'हो' म्हणू नका, 'नाही'ही नको. "तारीख बघून उद्या सांगते" म्हणा, आणि खरंच उद्या सांगा.

आभार शेवटी, दोन वाक्यांत, एकाच गोष्टीचे. 'तुम्ही खूप सपोर्ट केलात' हे प्रत्येक फेअरवेलमध्ये ऐकू येतं. "बाबा आयसीयूत होते तेव्हा तुम्ही फोन करून रजेचा अर्ज नंतर दे म्हणालात, ते बाबांना अजून आठवतं" हे त्यांना कोणी म्हटलेलं नसेल. डोळ्यात पाणी आलं तर येऊ दे, रुमाल मात्र जवळ ठेवा. क्वालिटीच्या टेबलावर ग्रीसचं कापड सोडून काही मिळत नाही.

आणि हो, ते २२ दिवस आणि तो कोर्स याचा हिशेब डोक्यात घालू नका. त्यांनी भलेपणानं दिलं हे खरंच. एक चांगली माणूस टिकावी हेही त्यांनी पाहिलं असणार, कुठलाही शहाणा मॅनेजर पाहतो. तुम्ही सहा वर्षं काम केलं. याला कर्ज म्हणत नाहीत.

कोर्सवरून आठवलं. त्या वेळी बाँडवर सही केली होती का, तो कागद आजच शोधा. आमच्याकडं लोक सही करतात आणि विसरतात. नोकरी सोडल्यावर दुसरीकडं काम करायचंच नाही अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढं टिकत नाही. पण 'प्रशिक्षणानंतर अमुक वर्षं थांबेन, नाहीतर अमुक रक्कम भरेन' हा वेगळा प्रकार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षं थांबायचं, नाहीतर दोन लाख भरायचे असा बाँड ग्राह्य धरला. तेव्हा मुदत बाकी असेल तर तुम्हीच विषय काढा. चांगले साहेब कधी कधी ती रक्कम माफ करून घेतात. एचआरनं फाइल उघडून त्यांच्यासमोर ठेवल्यावर मात्र तेही अडकतात.

नोटीस पिरियड तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दोन महिन्यांचा आहे आणि चाकणवाले ३० दिवसांत या म्हणतात. इथं नव्वद टक्के लोक चुकीच्या माणसाशी घासाघीस करतात, म्हणजे जुन्या साहेबांशी. ते भले आहेत, ऐकतील, म्हणून त्यांनाच पिळायचं. उलट करा. चाकणला फोन करून सांगा, "मी जिथं सहा वर्षं काम केलं तिथली जबाबदारी नीट सोपवून येणार, मला दोन महिने लागतील." ज्याला क्वालिटीचं माणूस हवंय, त्याला हे ऐकून बरं वाटायला हवं. नाहीच वाटलं, तर पुढं तिथं कसं निभेल याचा अंदाज येईल.

यात तुमच्या पैशांचाही फायदा आहे. ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेत, पाच वर्षांची अट तुम्ही ओलांडलीत. हिशेब असा: शेवटचं महिन्याचं वेतन (बेसिक आणि डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. वरचे महिने सहापेक्षा जास्त असले तर पूर्ण वर्ष धरतात. आज तुमचे सहा वर्षं पाच महिने. एका महिन्यात निघालात तर सहा वर्षं सहा महिने, अगदी काठावर, धरणार सहाच. दोन महिने पूर्ण केलेत तर सात. बेसिक-डीए समजा २६,००० असेल तर एका वर्षाचे १५,००० होतात, म्हणजे ९०,००० ऐवजी १,०५,०००. शिवाय नोटिशीचे पैसे भरावे लागत नाहीत ते वेगळंच. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचा पगार शेवटच्या दिवसानंतर दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. आमच्याकडच्या छोट्या कारखान्यांत महिना लावायची सवय आहे, ती एका दिवसात जाणार नाही. साहेबांना नाही, अकाउंट्सला विचारा. साहेबांशी असलेलं नातं फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या पाठपुराव्यात खर्च करू नये.

पीएफ काढू नका, नव्या कंपनीला तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या आणि रक्कम ट्रान्सफर करून घ्या. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, तुमची सहा वर्षं त्यात धरली जातात, काढून घेतली की पुन्हा शून्यापासून. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा. यंदाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा आकडा चाकणला द्या, नाहीतर मार्चमध्ये दणका बसतो.

राजीनाम्याचा कागद इंग्रजीतच द्यावा लागेल, इथं मराठी-कन्नड दोन्ही त्या फाइलमध्ये चालत नाहीत, त्यामुळं भांडणही होत नाही. आशय एवढाच: अमुक तारखेपासून राजीनामा देत आहे, अपॉइंटमेंट लेटरप्रमाणे शेवटचा दिवस अमुक, तोपर्यंत काम नीट सोपवीन, इथं शिकायला मिळालं त्याबद्दल आभार. चार ओळी. कारण लिहायची गरज नाही. भावना तर नकोच, तो कागद दहा जण वाचतात आणि भोकं पाडून फाइलला लावून देतात. बोलणं झालं त्याच संध्याकाळी साहेबांना मेल करा, प्रत एचआरला, आणि पोच घ्या.

आता हँडओव्हर. उपकार फेडायचेच असतील तर इथं फेडा, इथं जागाही आहे. बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात एक एक्सेल शीट करतात, त्यात फायलींची नावं असतात आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये आहेत. ते शोधून कोणालाही मिळालं असतं. लिहायचं ते जे फक्त तुमच्या डोक्यात आहे. माझ्या शेवटच्या नोकरीत आमची क्वालिटीची एक मुलगी गेली, तिनं दोनशे पानी वही ठेवली होती. त्यात एका पंप बॉडीचं पान मला अजून आठवतं: 'जूनपासून वाळूत ओल राहते, याला आतल्या बाजूनं ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) येतात, वरून दिसत नाहीत. पहिल्या हीटचे (ओताचे) दोन नग कापून बघितल्याशिवाय लॉट सोडू नये.' खाली: 'नंबर ३ ची बोअर गेज थंडीत सकाळी चुकीचं दाखवते, अर्धा तास खोलीत ठेवून मग झीरो करणे.' आणखी खाली कुठल्या कस्टमरचा माणूस ड्रॉइंगमधल्या कुठल्या मापावर अडतो, आणि तो फोन न उचलता मेललाच उत्तर देतो, हे. ती गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात त्या पानानं एक लॉट वाचवला. साहेबांनी वही स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती, कुलपात.

तुम्हीही अशी वही करा. गेज कॅलिब्रेशनच्या तारखा, उघड्या तक्रारी, कुठली माहिती ऑडिटला दरवेळी शोधावी लागते. कुठला ऑपरेटर रीडिंग न घेता रिपोर्ट भरतो, हे मात्र लिहू नका, तोंडी सांगा. तुमच्या जागी कोण येईल याची वाट बघत बसू नका. लाइन इन्स्पेक्शनमधल्या दोघांना आजपासून बरोबर घ्या, शेवटचे पंधरा दिवस रिपोर्ट त्यांनी करायचा आणि तुम्ही फक्त बघायचं. ऑडिट तुमच्या शेवटच्या तारखेनंतर आठ-दहा दिवसांनी असेल तर चाकणला सांगून तेवढे दिवस वाढवा. महिनाभरानं असेल तर नाही. ऑडिटच्या मागून डिस्पॅच येतो, डिस्पॅचच्या मागून खंडेनवमी, मग दिवाळी.

तुमच्या प्रश्नात एक ओळ होती, काका म्हणतात 'कन्नड माणूस आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस.' काकांच्या पिढीनं जे भोगलं ते मला ठाऊक आहे, त्यांच्याशी वाद घालणार नाही. खरं, सीमाप्रश्न तापला की सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला बस अडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला त्याच मशीनवर एक मराठी आणि एक कन्नड माणूस एकाच डब्यातली भाकरी खात असतो, हे मी २७ वर्षं पाहिलं. साहेबांनी तुमच्या वडिलांची विचारपूस कुठल्या भाषेत केली ते तुम्हालाच विचारतो.

शेवटच्या दिवशी महागडी भेट नको, अवघडल्यासारखं होतं. कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, एक डबा साहेबांच्या घरी, एक लाइनवर, आणि गेटवरच्या वॉचमनला विसरू नका. गेज, ओळखपत्र, लॅपटॉप जमा करून नो ड्यूजवर सह्या आदल्या दिवशीच घ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये पुन्हा सहीसाठी उभं राहावं लागणार नाही.

आणि चाकणला पोचल्यावर कधीतरी तुमच्या इनवर्ड इन्स्पेक्शनच्या टेबलावर उद्यमबागचा माल येईल, आपल्या फाउंड्र्यांचा माल तिकडं जातोच. त्यात या कारखान्याचं चलन दिसलं आणि माप चुकलेलं निघालं, तर रिजेक्ट करा. रिजेक्शनची मेल पाठवायच्या आधी मात्र साहेबांना एक फोन लावा.